दारातला खोकला

आमची मावशी दवाखान्यात नंबर लावते. पूर्वी ती बाकावरच्या माणसांना नावानं नाही, दुखण्यानं हाक मारायची. "जुनाट दमा, आत या! उलटलेला टायफॉइड, जरा सरका!" डॉक्टरांनी तपासायच्या आधीच हिचं निदान तयार. आता मात्र ती खाली मान घालून हळूच नंबर पुकारते आणि कुणी खोकलं की तिचा चेहरा पडतो.

झालं असं, की एकदा केसपेपर लावता लावता तिला दारातून खोकला ऐकू आला. वर न बघताच ती कडाडली, "हा काही कालपरवाचा खोकला नाही, जुनाट आहे! चांगला छातीत मुरलाय. इतके महिने अंगावर काढलात? घरात लक्ष द्यायला कुणी आहे की नाही?"

बाकावरचे सगळे दाराकडे बघायला लागले. दारात आमचे काका उभे होते, तिचा नवरा.

"आहे ना," काका ओशाळून म्हणाले आणि त्यांनी हातातली पिशवी पुढे केली. "सकाळी घाईत डबा घरीच विसरलीस."