सात नंबरच्या पोर्टचं बूच

मी भूतबित मानणारा माणूस नाही, हे आधीच सांगतो. भंडाऱ्यात सर्व्हर-नेटवर्कची कामं करतो. वायर जोडली की दिवा लागतो, नाही जोडली की नाही लागत, एवढाच माझा देवधर्म! पण सिहोऱ्याच्या त्या राईस मिलमध्ये जे झालं...

तिथल्या शेठनं पट्ट्यावर कॅमेरे बसवले होते. पट्ट्यावरून तांदूळ सरकतो आणि बाया त्यातले खडे वेचतात. कुणाचा हात रोलरजवळ गेला, की कॅमेऱ्यानं सर्व्हरला कळवायचं आणि सर्व्हरनं पट्टा थांबवायचा. निरोप जरा जरी उशिरा पोचला तरी बोटं गेली. कॅमेरे नि सर्व्हर जोडायला तांब्याच्या केबलचा, दहा गिग वेगाचा स्वस्त नेटवर्क स्विच घ्यायचा, की फायबरचा पंचवीस गिगवाला, यावरून शेठचं नि माझं आठवडाभर वाजलं. शेवटी मी हट्टानं फायबरवाला चाचणीला आणला.

सकाळी नऊला जुन्या केबली काढल्या. कॅमेऱ्यांची वायर नव्या स्विचच्या सात नंबरच्या पोर्टमध्ये, म्हणजे खोबणीत, जायची होती; धूळ जाऊ नये म्हणून त्याला रबरी बूच असतं. ते काढणार, तेवढ्यात खडे वेचणाऱ्या शकुनबाईनं हाक मारली.

"ओ भाऊ, या ना इकडं! पार्बताबाईचा घास ठेवून राहिलो आमी."

पार्बताबाई याच पट्ट्यात सापडून गेली. तेव्हापासून पट्टा सुरू व्हायच्या आधी तिच्या नावानं ओंजळभर तांदूळ ठेवतात, आणि तोवर कोणीच यंत्राला हात लावायचा नाही. मला हसू आलं.

"हसता कायले?" शकुनबाई भडकली. "तुमाले का मालूम!"

गुमान हात जोडले. परत आलो आणि घाईत म्हटलं, करा चालू! पोर्टचा दिवा पाहायचीही तसदी घेतली नाही... एवढा शहाणा मी.

तासाभरानं किंकाळी आली. शकुनबाईची बांगडी पट्ट्यात अडकली होती, हात सरळ रोलरकडे ओढला जात होता — आणि पट्टा थांबला. बोटं वीतभर मागे होती.

"मानलं बावा तुमच्या फायबरले!" शेठ म्हणाले.

मी फुशारकीत सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. हात रोलरजवळ गेल्याचा निरोप होता, सात नंबरच्या पोर्टवरून आलेला. मग स्विच ठेवलेल्या रॅकच्या मागे वाकून पाहिलं. सात नंबरला बूच तसंच होतं, आणि फायबरची वायर खाली लोंबत होती. त्या बाईचा हात माझ्यामुळे गेला असता हो!

वीज गेली नव्हती. वायर तुटली तर पट्टा आपोआप थांबावा, ही सोय अजून केलीच नव्हती. स्विच विकणाऱ्यांना लॉग दाखवला, तर म्हणाले असं होऊच शकत नाही. अरे, ते तर मलाही कळतं! पण झालं कसं, ते आजवर कोणी सांगू शकलं नाही.

शेठनं पंचवीस गिगवालेच स्विच घेतले. मी मिलमध्ये गेलो की शकुनबाई चहा आणते.

"तुमी होते म्हणून हात हाये माहा, भाऊ," दरवेळी म्हणते.

मी कप घेतो. तिला अजून सांगितलेलं नाही.