रामलालची मुलगी काय शिकते

गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळाच्या कुंपणाआत गवत कापायला ठेकेदाराची बारा माणसं होती. रामलाल पटले त्यांतला एक. घरी दीड एकर धानाचं वावर, तेवढ्यावर भागत नाही म्हणून तो हे काम धरून होता. बायको भागीरथा वावर बघायची. मुलगी योगेश्वरी गोंदियाच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती. सकाळी काली-पीली जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जायची, दुपारी परत.

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला, तेव्हा गणितात ती कॉलेजात पहिली आली. रामलाल संध्याकाळी श्यामलालच्या पानठेल्यावर गेला. एरवी तो तिथं गुपचूप उभा राहायचा. त्या दिवशी विषय त्यानंच काढला.

“कायमंदी पयली आली?” श्यामलालनं विचारलं.

“गणितात.”

“म्हंजे मास्तरीण होईल,” श्यामलाल म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

एवढ्यातच विषय संपला, हे रामलालला लागलं. नेमकं तेव्हाच विमानतळावरच्या, पायलट घडवणाऱ्या शाळेचं लहानसं विमान घरघरत डोक्यावरून गेलं. सगळ्यांनी सवयीनं मान वर केली. रामलालनंही केली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “मास्तरीण नाही. इमान चालवन माही पोरगी. फारम भरला हाये.”

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मग श्यामलालनं त्याला पान लावून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून लोक रामलालला रस्त्यात थांबवून विचारू लागले. तो फार बोलायचा नाही, पण नाहीही म्हणायचा नाही. भागीरथानं विहिरीवर ऐकलं आणि घरी येऊन विचारलं, “काऊन असं सांगतलं?”

“सांगून टाकलं. इसरतील लोकं.”

लोक विसरले नाहीत. पंधरा दिवसांनी शेजारच्या आळीतला खुशाल सकाळी सकाळी अंगणात आला. धुतलेला सदरा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत मुलीची बारावीची गुणपत्रिका. योगेश्वरी वेणी घालत होती. खुशाल तिच्याचसमोर उभा राहिला. “बेटा, आमच्या सोनूलेबी त्या इमानाच्या शाळेत टाकाचं हाये. तुही कशी भरती झाली ते सांग. कोनाले भेटा लागते?”

योगेश्वरीनं बापाकडे पाहिलं. रामलाल चपलेचा पट्टा नीट करू लागला.

“काका, मी त्या शाळेत नाही,” ती म्हणाली. “मी गणित शिकून राहिली. समोर एम.एस्सी. कराचं हाये.”

खुशालनं रामलालकडे पाहिलं. मग पिशवी घडी करून निघून गेला.

योगेश्वरी ओरडली नाही. तिनं वेणी पुरी केली आणि विचारलं, “बाबूजी, मी जे शिकून राहिली ते सांगाले लाज वाटते का तुमाले?”

“लाज नाही बाई. पन सांगू का? गणित म्हनलं का लोकाईले पाढे दिसतात. मलेबी तेच दिसतात.”

हे खरं होतं, आणि ते त्यानं पहिल्यांदाच कबूल केलं होतं. योगेश्वरी त्याच्याजवळ बसली. शाळेत शिकवतात ते गणित कोणीतरी आधी शोधलेलं असतं, तिनं सांगितलं. पण अजून कोणालाच न सुटलेलंही खूप आहे. एम.एस्सी. केलं की तिथवर पोचायची वाट सापडते.

“म्हंजे जे कोनालेच मालूम नाही ते?”

“हो.”

“तुह्या कॉलेजातल्या सराईलेबी नाही?”

“सराईलेबी नाही.”

रामलालनं चपला पायात घातल्या. त्या दिवशी कामावर जायच्या आधी तो खुशालच्या घरी गेला आणि म्हणाला, “मी खोटं बोललो होतो. सोनूले माह्यामुळं उगाच आस लागली.” खुशालनं त्याला बस म्हटलं नाही, पण हाकललंही नाही. संध्याकाळी हेच रामलालनं पानठेल्यावर सांगितलं. लोक हसले. पुढं दोनेक महिने त्याला ‘पायलट’ म्हणून हाक मारत राहिले, आणि तो ओ देत राहिला.

योगेश्वरीनं तिसरं वर्ष पुरं करता करता एम.एस्सी.साठी नागपूरच्या केंद्रावर प्रवेशपरीक्षा दिली. हैदराबादच्या विद्यापीठाच्या यादीत तिचं नाव लागलं ते जून २०११ मध्ये. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. तेव्हा वावरात रोवणी आणि विमानतळावर गवताचा जोर, दोन्ही एकाच वेळी. सुट्टी मागितली तेव्हा मुकादम म्हणाला, “आता गेला त वापस येऊ नको.” रामलालनं त्याच्या हातात गवत कापायचं मशीन दिलं आणि घरी आला.

बापलेक बल्लारशाच्या पॅसेंजरनं निघाली, तिथून पुढची गाडी धरली. विद्यापीठात रांगेतल्या इतर बापांच्या हातात फायली होत्या. रामलालकडे तांदळाचं गाठोडं होतं. खोली मिळाली, सोबतीण तमिळ होती, खिडकीला जाळी होती. एवढं पाहून तो त्याच दिवशी परत फिरला. गाडीत त्याला जागा मिळाली नाही. दाराजवळ उभ्यानं येताना तो रडला की नाही, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

पहिल्याच सहामाहीत योगेश्वरी एका पेपरात नापास झाली. तिनं ते फोनवर सांगितलं. “पुन्हा देता येते का?” रामलालनं विचारलं. देता येतो, ती म्हणाली. “मंग दे,” तो म्हणाला, आणि भागीरथाच्या हातात फोन दिला.

तिनं दिला आणि पास झाली. विमानतळावर रामलालला पुन्हा कोणी घेतलं नाही. तो गोंदियाच्या राईस मिलमध्ये पोती उचलू लागला. पन्नाशीच्या पाठीला ते जड जायचं.

जुलै २०१३ मध्ये रोवणीसाठी त्यानं चार दिवस मिलला दांडी मारली होती. तो, भागीरथा आणि पाच बाया बांधीत, पाणी भरलेल्या वाफ्यात, वाकलेली असताना फोन वाजला. रामलालचे हात चिखलाचे होते, म्हणून भागीरथानं फोन त्याच्या कानाला लावला. योगेश्वरीला पीएच.डी.साठी घेतलं होतं.

“किती वर्सं?” त्यानं विचारलं.

“पाच तरी.”

“बरं हाये. जेवली का?”

भागीरथानं फोन पदरात बांधला. रामलालनं धानाच्या रोपांची नवी जुडी सोडली आणि बायांच्या ओळीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण रोपं फार जवळ जवळ लावतो आहोत. त्यानं चार-पाच उपटली आणि परत लावली.