अंगठ्याखालचा फोटो

ओळखपत्र दाखवताना ती फोटोवर अंगठा ठेवायची. नाव, खातं, नंबर, सगळं दिसायचं. चेहरा तेवढा झाकलेला. आमच्या दवाखान्याच्या दारावरचा म्हातारा पहारेकरी रोज म्हणायचा, "अंगूठा हटाओ." मग तो कार्डाकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा, आणि आत मला फोन करायचा, "बाबूजी, फिर वही लड़की!"

कारण फोटोतली मुलगी गोरी होती आणि दारात उभी असलेली काळी.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी बहरीनला आलो. तालुक्याच्या कॉलेजातून बी. ए. झालेला आमच्या घरातला मी पहिला, त्यामुळे कागदपत्रांची खुर्ची मिळाली याचंच मला अप्रूप होतं. ती तिथलीच, बहरीनमधल्या मुहर्रक शहरातली. तिच्या पणजोबांना कधीकाळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेलं. वय वीस-एकवीस, नर्सिंग शिकत होती, आणि माझ्याशी सिनेमातून उचललेल्या हिंदीत बोलायची.

"नवा फोटो आण," मी सांगायचो.

"बाचर, भाई, बाचर!" बाचर म्हणजे उद्या. हा उद्या आठ महिने चालला. मध्ये दोनदा तिने फोटो आणलेही. मुहर्रकचा स्टुडिओवाला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरे उजळायचा. दुसऱ्या फोटोत त्याने इतकं उजळलं की नाकच उरलं नाही. माणसाने किती डोकं आपटायचं, तुम्हीच सांगा.

त्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी दोन मुली परदेशी पाठवायच्या होत्या. गुणांत ती पहिली. अर्जावर फोटो, आणि 'हा याच व्यक्तीचा आहे' अशी माझी सही. मुदत गुरुवारपर्यंत. मंगळवारी ती तोच नाक नसलेला फोटो घेऊन आली.

"यावर मी सही करणार नाही."

"भाई, इंटरव्ह्यू नहीं है. सिर्फ फोटो देखेगा. काला देखेगा तो बाजू में रखेगा."

"गुण बघतील ना!"

"गुण?" ती हसली. तिच्या तुकडीतल्या तिघी वॉर्डात होत्या. हिला मात्र मागच्या खोलीत उपकरणं उकळायला ठेवलेलं. वॉर्डात पाहुणे येतात, असं मेट्रन म्हणाली होती. शाळेत मुली तिला 'फहमा' म्हणत, म्हणजे कोळसा. हे सगळं ती हसत सांगायची, त्यामुळे मला आणखीच चीड यायची. मी आमच्या हायस्कूलच्या गुरुजींच्या थाटात सुरू झालो. विद्या, कर्तृत्व, स्वाभिमान. ती ऐकत होती, पण बघत होती माझ्या टेबलाच्या काचेखालच्या फोटोकडे.

"ये कौन?"

"माझी बहीण. शकू."

"कितनी गोरी!"

मला खोटं बोलवेना. शकू सावळी, चांगलीच सावळी. स्थळांना पाठवायला फोटो काढला, तेव्हा स्टुडिओत बसून 'जरा उजळ करा हो' असं मीच सांगितलं होतं. मंडळी आली, फोटो बघितला, शकूकडे बघितलं, पोहे खाल्ले आणि गेली. त्यानंतर शकू चार दिवस कोणाशी बोलली नव्हती.

मी हे सांगून संपवलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "और तुम मुझको लेक्चर देता है?"

मी काचेवरची धूळ पुसू लागलो.

"दूसरा फोटो नहीं?"

होता. खणात, आईच्या पत्रांखाली. अंगणात सुपात तांदूळ पाखडताना शकू कशाला तरी हसली होती. हिने तो बराच वेळ पाहिला, काच स्वतः उचलली आणि फोटो बदलला. "ये अच्छा है," म्हणाली आणि निघून गेली. अर्ज तिथेच पडला.

बुधवारी ती फिरकलीच नाही. गुरुवारी मी टेबल आवरत असताना धापा टाकत आली आणि फोटो माझ्यापुढे आपटला. स्टुडिओवाल्याने सवयीने पुन्हा पेन्सिल फिरवली होती. हिने त्याच्याशी भांडून नवा फोटो काढायला लावला. त्यामुळे त्या फोटोत ती भयंकर चिडलेली आहे. काळी, भुवया चढवलेली, नाकासकट. मी सही केली.

सगळं गोड झालं असं समजू नका. पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. "बोला था ना, भाई?" एवढंच ती म्हणाली. महिन्याभराने निवडलेल्या एका मुलीच्या वडिलांनी तिला पाठवायला नकार दिला, तेव्हा कुठे हिचा नंबर लागला.

शेवटच्या दिवशी ती कार्ड परत करायला आली. तेच जुनं. नवं करायचं बाचर-बाचर करत राहूनच गेलं होतं. कार्ड तिने कडेला धरलं होतं, फोटो उघडा. "इसको इधर रखो, भाई. मैं जाती." चिडलेल्या फोटोची उरलेली प्रत तिने शकूशेजारी काचेखाली सरकवली, आणि गेली.

नियमाप्रमाणे मी कार्ड मधोमध कापून टोपलीत टाकलं. थोड्या वेळाने दारावरून फोन आला.

"बाबूजी, दोनों गईं?"

मी टोपलीत पाहिलं. गोऱ्या मुलीचे दोन तुकडे तिथे पडले होते.

"नाही," मी म्हटलं, "एकच गेली."