नुसते आकडे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्या इमारतीतले नाही, म्हणून असेल.

नवीन पनवेलला आमच्या वरच्या मजल्यावर घरत आडनावाचे गृहस्थ राहायचे. उरणच्या बंदरातून निवृत्त झालेले. धिप्पाड, बोलके. माझा पाय मोडला तेव्हा महिनाभर माझ्या मुलीला शाळेत सोडणं-आणणं त्यांनीच केलं. माणूस चांगला होता—हे आधीच सांगून ठेवतो.

एका रविवारी सकाळी घरतवहिनी धावत खाली आल्या. घरत हॉलमध्ये कोसळले होते. मी वर गेलो, अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. फोनवर एक मुलगी होती. श्वास चालू आहे का, तिने विचारलं. नव्हता. मग म्हणाली, फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबा, मोठ्याने आकडे मोजा, गाडी येईपर्यंत मी फोनवरच आहे. गाडीला आमची गल्ली सापडावी म्हणून वहिनींना मी गेटवर पाठवलं. तेव्हा खरंच त्याचसाठी पाठवलं.

दाबायला लागलो. जमत होतं—हो, जमत होतं. मग हाताखाली काहीतरी कटकन मोडलं. आणि त्यांच्या तोंडातून सकाळचा नाश्ता बाहेर आला—माझ्या मनगटावर, बाहीच्या आत. कोमट, आंबट.

त्या मुलीला सांगायला हवं होतं. काय करायचं ते तिने सांगितलं असतं. मी नाही सांगितलं. मी हात काढले—आणि मोजत राहिलो.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण हे सगळं नाही.

मोजत मोजतच मी उठलो. बेसिनपाशी गेलो. नळ बारीक सोडला—पाण्याचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं, बघा. साबण लावला. सतरा, अठरा, एकोणीस. लांबून ऐकू जावं म्हणून आवाज चढवला. मध्येमध्ये धापही टाकली, खोटी. फरशीवर घरतांच्या कानाशी पडलेल्या फोनमधून ती मुलगी सांगत होती, “छान, काका. असंच चालू ठेवा. थांबू नका.”

किती वेळ? माहीत नाही. साबण दोनदा लावला, एवढं आठवतं.

जिन्यात पावलं वाजली तेव्हा मी परत गुडघ्यांवर बसलो आणि हात त्यांच्या छातीवर ठेवले. ओले हात. घाम वाटला असेल सगळ्यांना.

घरत गेले. झटकाच मोठा होता, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी कितीतरी दिवस चघळलं. पण मी काय केलं ते डॉक्टरांना कुठे ठाऊक होतं?

दहाव्याला वहिनींनी सगळ्या नातेवाइकांसमोर माझा हात हातात घेतला. “या भावानं शेवटपर्यंत हात नाय काढला,” त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

पुढे सोसायटीत प्रथमोपचाराचं शिबिर झालं. रबरी पुतळा आणला होता. सेक्रेटरींनी मलाच पुढे बोलावलं. मी दाबून दाखवलं—तीस वेळा, न थांबता, मोठ्याने मोजत. पुतळा स्वच्छ होता. टाळ्या पडल्या. आणि मला त्या आवडल्या. हे सांगताना स्वतःची शिसारी येते, पण तेव्हा आवडल्या.

काही वर्षांनी वहिनी अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. घरात आम्ही दोघंच. छताकडे बघत त्या म्हणाल्या, “भाऊ, खरं सांगा. मी खाली गेटवर व्हते. शेवटच्या घडीला ते एकलेच तं नव्हते ना?”

याहून चांगली वेळ कधी येणार होती? त्या विचारत होत्या. मी समोर बसलो होतो.

“मी होतो ना, वहिनी, त्यांच्याजवळ,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. चेहरा निवला. मी खाली आलो आणि जेवायला बसलो. पोटभर जेवलो.