बोथाटीचा डाग

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी धुळ्याला कॉलेजात होतो आणि चार बुकं वाचून शहाणपण डोक्यात गेलं होतं. 'बोथाटी' हा शब्द कुठंतरी वाचनात आला, तेव्हा सुट्टीत साक्रीजवळच्या आमच्या गावी गेल्यावर मी सरळ तालमीतल्या आबांना गाठलं.

आबांनी कोपऱ्यातून एक लांब बांबू काढला. टोकाला पात्याच्या जागी चिंध्यांचा गोळा. भाला असा बोथट केला, म्हणून ती बोथाटी. पूर्वीचे घोडेस्वार हिच्यावरच हात बसवत. गोळा ओल्या गेरूत बुडवला, की वार कुठं लागला ते दिसायचं.

"ज्याना छातीवर डाग पडना, तो मरना," आबा म्हणाले. "आंघोय करे नही तोपर्यंत त्यानासंगे कोणी बोलानं नही."

मला हसू आलं. ते ओठांवर असतानाच गेरूत बुडवलेला गोळा छातीत बसला. "आबा, सदरा खराब केलात की!" मी म्हटलं. आबा बांबू पुसत राहिले.

असल्या खुळचटपणाला मी कसली भीक घालतोय! तसाच निघालो. भर दुपारी पारावर काका बसले होते. हाक मारली, ते पान लावत राहिले. वाण्याने मला सोडून मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय हवं. गोट्या खेळणारी पोरं एकदम गप्प झाली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. मला भीती वाटू लागली. माझी सावली पडतेय ना, हे मी खरोखर खाली वाकून पाहिलं.

घरी माय एकटीच ज्वारी निवडत होती. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्याबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती आणि विचारायची माझी छाती नव्हती. आता तिने फक्त ओ द्यावी, एवढंच मला हवं होतं. "माय," मी तीनदा म्हटलं. तिने सूप पाखडलं, खडे बाजूला काढले, मान वर केली नाही. माझे डोळे भरून आले. तसाच विहिरीवर पळालो आणि बादल्यामागून बादल्या अंगावर ओतल्या.

परतलो तेव्हा ती पंचा घेऊन दारात उभी होती. तिने मला खाली बसवलं, डोकं खसाखसा पुसलं. मग हात थांबले. कानाशी वाकून तिने हळूच विचारलं,

"तठे तुना बाप भेटना का रे?"