समुद्राआधी राजुरीचं तळं

"समुद्रावर जायच्या आधी दोन दिवस राजुरीला जायचंय. येतेस?" मुग्धाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. राजुरीत कुठला समुद्र, हे विचारायच्या आतच मी हो म्हणून बसले.

मुग्धा माझी शाळेपासूनची मैत्रीण. समुद्राच्या तळाचे फोटो काढणारे छोटे रोबो ती बनवते. नवा रोबो मालवणला प्रवाळ बघायला उतरणार होता, पण त्याआधी त्याला खोल, शांत आणि नितळ पाणी हवं होतं. असं पाणी तिच्या ओळखीच्या दत्ताभाऊंच्या शेततळ्यात होतं.

पुण्याहून सहाच्या आत निघालात तर चाकणची कोंडी टळते. आम्ही आठला निघालो आणि ती यथासांग भोगली. मागच्या सीटवर पिवळा रोबो पट्टा लावून बसला होता. नारायणगावात टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या टेम्पोंच्या गर्दीत गाडी लावून मिसळ खाल्ली. झणझणीत, आणि खिशाला न झोंबणारी. मिसळवाले गाडीच्या काचेतून डोकावले.

"जनरेटर हाय का, ताई?"

"पाण्यातला कॅमेरा आहे."

"मंग आमच्या हिरीत सोडा की, राव. मोटर पडलीया."

आळेफाट्याला उजवीकडे वळलं की थोड्याच वेळात राजुरी. गाडी नसेल तर एसटीनं फाट्यापर्यंत या, पुढे जीप मिळतात. जानेवारीचं कोवळं ऊन द्राक्षांच्या मांडवांवर पसरलं होतं, आणि मधोमध काळ्या प्लास्टिकचं अस्तर घातलेलं ते तळं आकाश घेऊन पडलं होतं. या अस्तराला इथं 'कागद' म्हणतात.

दत्ताभाऊ काठावरच उभे होते. पाहुणचार झाला, पण त्यांची नजर रोबोच्या पंख्यांवरून हटेना. "कागद फाटला तर बाग गेली बगा. पावसापत्तुर ह्येच पाणी हाय."

त्यांच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, घरातून जुन्या गादीचा फोम आणला. मुग्धानं तो रोबोच्या सगळ्या कडांना बांधला. तरी दत्ताभाऊ पुटपुटत राहिले. पाणी आधीच रोज घटत होतं. त्यांचा संशय शेजारच्या बांधावरच्या चुलतभावावर, बाळूवर होता. त्याच्या तळ्यात जेमतेम गुडघाभर पाणी, पण बाग हिरवीगार. "रातीचा पाइप टाकतोय," दत्ताभाऊ म्हणाले. दिवाळीपासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

रोबो पाण्यात शिरला आणि आम्ही चौघं छत्रीच्या सावलीत स्क्रीनपुढे बसलो. वरचा वारा, दूरचा ट्रॅक्टर, सगळं हळूहळू ऐकू येईनासं झालं. हिरवट उजेडात बारीक कण तरंगत होते, कुणीतरी सावकाश पीठ चाळत असावं तसे. एक रोहू मासा आला, काचेजवळ थांबला, तोंड उघडमीट करून निघून गेला. वहिनींनी नकळत पदर सावरला.

मुग्धानं तळाशी रंगीत चौकोनांची पाटी सोडली होती. खोलवर तिचा लाल रंग मातकट दिसत होता. "पाण्यात लाल आधी हरवतो," ती म्हणाली आणि तिनं रोबोचा दिवा लावला. लाल असा उमलला की मला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. त्या क्षणी आम्ही राजुरीत नव्हतोच. कुठल्या तरी न पाहिलेल्या समुद्राच्या तळाशी बसलो होतो.

रोबो कोपऱ्याकडे वळला तेव्हा वहिनी एकदम म्हणाल्या, "त्ये कण तिकडंच का पळत्यात?"

मुग्धानं रोबो जवळ नेला. कण एका रेघेत ओढले जात होते आणि कागदाच्या जोडाशी नाहीसे होत होते. जोड वीतभर उसवला होता.

दत्ताभाऊंनी टोपी काढून हातात घेतली.

जुन्नरहून कागद जोडणारे सलीमभाई दुपारी आले. त्यांनी स्क्रीन बघितला. "जोड लागंल, पण सुक्यात. पाणी त्याच्या खाली उतरवाया लागंल. कुठं ठिवणार?"

एवढं पाणी ठेवायला जवळ एकच तळं होतं.

"मी फोन लावते भावजींना," वहिनी म्हणाल्या.

"नगं," दत्ताभाऊ म्हणाले. "मीच जातो."

आम्ही काठावरून बघत राहिलो. दोन माणसं बांधाच्या दोन बाजूंना उभी. बोलणं वाऱ्यावर तुटक येत होतं.

"...म्या तुझ्यावर आळ घेतला. चुकलं, बाळू."

मग बाळूभाऊंचा चढा आवाज, "टँकर घालून बाग जगीवली, दादा! येकदा इचारायचं तरी!" ते पाठ फिरवून चालू लागले. दहा-बारा पावलांवर ते थांबले. "पाइप माझ्याकडं हायेत. तुझे पुरायचे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी एका आकाशातून दुसऱ्या आकाशात चाललं होतं. पाइपच्या तोंडाशी दोघं भाऊ एकच चहाची किटली घेऊन बसले होते. सलीमभाईंनी गरम हवेनं जोड बसवला, अंगठ्यानं दाबून पाहिला. संध्याकाळी पाणी परत घेताना दत्ताभाऊंनी मोटर लवकरच बंद केली. "ऱ्हाऊ दे थोडं तिकडं."

मुग्धाच्या चाचणीचं विचाराल, तर रोबोत थेंबभरही पाणी शिरलं नव्हतं. परतीच्या वाटेवर ती मंचरपर्यंत एकटीच हसत होती.

आता ती मालवणला आहे. काल तिनं प्रवाळाची चित्रफीत पाठवली. जांभळे फांदोरे, त्यांच्यातून सळसळणारे निळे मासे. मी पुण्याच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच ती तीनदा पाहिली आणि सुनंदावहिनींना पुढे पाठवली. थोड्या वेळानं त्यांचा व्हॉइस मेसेज आला.

"लई भारी हाय, ताई. जाऊबाईंनी, बाळूभावजींच्या बायकोनं बी बगितलं. आमी दोगी ठरवतोय, द्राक्षं उतरली की जाऊ समुद्र बगाया. ह्या दोगा भावांनी येकमेकाला इचारलंय, गाडी कुणाची काढायची."