ऑर्फा आत्याचा शर्ट

आमच्या शिकारीच्या खोपीत एक भिंत आहे, तिच्यावर शर्टांचे तुकडे ठोकलेत. हरणावरचा बार फुकट गेला की संध्याकाळी सगळ्यांसमोर शर्टाची मागची बाजू कापायची, नाव-साल लिहायचं, खिळा मारायचा. आजोबांचे तीन तुकडे आहेत. व्हर्लिन काकाचे सात. माझे दोन. ऑर्फा आत्याचा एकही नाही.

आत्याने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मी शाळा सोडली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मला धुतलं. आत्या फक्त रोज सकाळी आमच्या दारापुढे बस थांबवायची, दार उघडायची, दोन मिनिटं थांबायची आणि जायची. पूर्ण वर्षभर. मी कधीच चढले नाही. पण तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी दात पाडीन.

यंदा वसंतात तिचं बस चालवणं बंद झालं. विसरायला लागली होती. चष्मा, चुलीवरचं भांडं, एकदा तर वळणच. काका शुक्रवारी खोपीत आल्या आल्या म्हणाला, "ताई, यंदा तुझा शर्ट कापला गेला तर बंदूक माझ्याकडे. कबूल?"

"कबूल," आत्या म्हणाली. "आधी तुझ्या आठव्या तुकड्याला जागा बघ."

नोव्हेंबरातले हे पहिले दोन आठवडे फक्त ठासणीच्या बंदुकीचे. नळीच्या तोंडातून आधी बारूद ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी, वरून गजाने ठासायचं. शेवटी घोड्याखाली टिकली बसवायची, ती फुटली की आतली बारूद पेटते. एकच बार मिळतो. म्हणून आजोबांचा नियम आहे, ठासणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही.

शनिवारी पहाटे आत्याने पडवीत बंदूक ठासली. आम्ही दोघी ओकच्या झाडाखाली जाऊन बसलो. आठच्या सुमारास हरणाची एक मादी आली, चाळीस पावलांवर. आत्याचा हात दगडासारखा स्थिर होता. घोडा पडला. टिकली फुटली, फट्! बस, बार उडालाच नाही. मादीने मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि चालत निघून गेली. पळालीसुद्धा नाही सटवी.

दुपारी काकाने गजाला स्क्रू लावून गोळी बाहेर ओढली. खाली काहीच नव्हतं. कोरडी नळी.

"बारूदच नाही घातलीस ताई."

आत्याने पाठ फिरवली आणि शर्ट पँटमधून बाहेर ओढला. "काप."

काका कात्री घेऊन नुसताच उभा. त्याला बंदूक नको होती, मला दिसत होतं. त्याला भीती वाटत होती. पण कात्री त्याच्याच हातात होती.

"थांब," मी म्हणाले. "माझ्यामुळे झालं. ती ठासत होती तेव्हा मी बोलले."

"काय बोललीस?" काकाने विचारलं.

"बिस्किटं घेतलीस का विचारलं."

"टॅन्सी, तुला एवढी अक्कल नाही? आजोबांनी जीव तोडून सांगितलं—"

"नाहीये अक्कल. म्हणून तर शाळा सोडली. काप माझा."

काकाने आत्याकडे बघितलं. आत्याने माझ्याकडे. खरं सांगू? मी बिस्किटांचं विचारलं, पण गोळी तेव्हा कधीच नळीच्या तळाला गेली होती.

काकाने माझा शर्ट कापला. नवा होता, आत्यानेच घेतलेला. तुकडा भिंतीवर माझ्या आधीच्या दोन तुकड्यांशेजारी लागला. मग सगळ्यांनी राजमा आणि मक्याचा पाव खाल्ला, आणि काका मला "बिस्किटवाली" म्हणायला लागला.

रविवारी पहाटे पडवीत माझ्या कापलेल्या शर्टातून पाठीत गार वारा शिरत होता. आत्या आली, बारूद ठेवायचं शिंग आणि मोजायचं माप माझ्या हातात ठेवलं.

"यापुढे बारूद तू ओतायची. मी बघणार. मग गोळी मी ठासणार."

"दरवेळी?"

"दरवेळी. तू नसलीस तर मी बंदुकीला हात लावणार नाही. व्हर्लिनला सांगितलंय तसं."

मी माप काठोकाठ भरलं, नळीत ओतलं. तिने वाकून बघितलं, मान हलवली, चिंधी ठेवली.

"आत्या, काल मी—"

"ठासताना बोलू नये," ती म्हणाली, आणि गज हातात घेतला.